पैऱ्याची कुळकथा

सोलापूर जिल्ह्यातल्या खोल काळ्या रानात एका बैलजोडीने नांगरट होत नसे. उन्हाळ्यात ही जमीन कडक होऊन भेगाळते. हरळी-कुंदा मुळासकट उपसायचा तर फाळ खोल जायला हवा. म्हणून लाकडी नांगराला चार, सहा, कधी आठ बैल जुंपावे लागत. सामान्य कुणब्याच्या दावणीला मात्र एकच जोडी, आणि तिला वैरण वर्षभर घालावी लागे. कामाच्या दिवशी बैल कमी पडत, इतर दिवशी तेच बैल बसून खात. या दुहेरी अडचणीतून पैरा रुजला. कुठे त्याला सावड म्हणतात, कुठे वारंगुळा.

रीत साधी होती. दोघे-तिघे पैरेकरी आपापल्या जोड्या एकत्र आणत, एकाचे रान उरकले की दुसऱ्याच्या रानात नांगर घालत. पैसा मधे येत नसे. दिवसाला दिवस फेडायचा. ज्याच्याकडे बैलच नाहीत, तो अंगमेहनतीने फेड करी. हा हिशेब कागदावर नसे, पण तो चुकवणाऱ्याला पुढच्या हंगामात पैरेकरी मिळणे अवघड होई. इर्जिक याहून वेगळी. तिच्यात गावातले बरेच नांगर एका दिवसासाठी एकाच रानात उतरत आणि रानाचा मालक सगळ्यांना जेवण घाली. अडल्या-नडल्याचे रान तिच्यामुळे वेळेत उरके.

नांगरटीला उन्हाळ्याचे महिने हाताशी असत, म्हणून पाळी लावणे सोपे. खरी कसोटी पेरणीला लागे. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा मुलूख. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात. हस्ताच्या पावसानंतर वाफसा आला की थोड्याच दिवसांत पेरावे लागते. उशीर झाला की वरची ओल उडते आणि बी कोरड्यात पडते. सगळ्यांना एकाच वेळी बैल हवे असतील तर वाटून घ्यायचे काय? उत्तर मातीने दिले. मुरमाड, हलक्या रानाला वाफसा आधी येतो, खोल काळ्या रानाला मागाहून. तिफण आधी माळावर चाले आणि मग ओढ्याकाठच्या भारी रानात उतरे. तिफणीमागून चालणारी बाई चाड्यात मुठीने दाणे सोडत राही, ते नळ्यांतून तासात पडत. हाताची गती बिघडली की ज्वारी कुठे दाट, कुठे विरळ उगवे. म्हणून पैऱ्यात बैलांइतकीच चांगल्या पेरणाऱ्या हाताचीही मागणी असे. पैऱ्याचे मर्म या क्रमात आहे: जनावरे गावात पुरेशी असली तरी ती कोणाच्या रानात कधी जायची, हे ठरवता आले तरच पुरत.

जनावरे नेहमी पुरेशी नसत. 1876-78च्या दुष्काळात आणि पुन्हा 1972च्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या. सांगोला-मंगळवेढ्याकडची खिलार जोडी पुन्हा उभी करायची तर सोलापुरातल्या सिद्धेश्वर यात्रेच्या किंवा पंढरपुरातल्या कार्तिकीच्या जनावरांच्या बाजारात मोठी रक्कम मोजावी लागे. मोडलेल्या शेतकऱ्याला तोवर पैऱ्याचाच आधार होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे त्याला आधी विरोध झाला. पुढे तो रुळला. तरी ओढणारे बैलच होते, त्यामुळे पैरा टिकला. त्याला खरा धक्का दिला ट्रॅक्टरने. मोट बंद पडून इंजिन आणि विजेचा पंप आला, ट्रॅक्टर एकराच्या किंवा तासाच्या दराने मिळू लागला, तसे बैल पाळण्याचे कारणच उरले नाही. दिवसाच्या फेडीऐवजी रोकड आली आणि ज्याच्याकडे रोकड नाही तो रांगेत मागे पडला. हे नुकसान यंत्राच्या वेगाकडे पाहताना सहज नजरेआड होते.

रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र ही अवजारेही वर्षातले थोडेच दिवस चालतात. प्रत्येकाने आपापले घेणे म्हणजे कर्ज काढून लोखंड गंजत ठेवणे. 2014-15पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अवजारे बँकांना अनुदान मिळते. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी अवजारे घेते आणि सभासदांना भाड्याने देते. इथेही पेरणीच्या आठवड्यात सगळ्यांची मागणी एकदम येते. नाव आधी नोंदवणाऱ्याला यंत्र आधी, असा नियम ठेवला तर वाफसा न आलेल्या रानात ट्रॅक्टर अडकतो आणि शेजारच्या माळाची ओल उडून जाते. रानाच्या पोताप्रमाणे पाळी लावली तर तेच यंत्र जास्त एकर पेरते.

काढणीच्या कामात जुनी सावड मात्र अजून आढळते. रब्बी ज्वारी इथे मुळासकट उपटतात. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ताटे उपटून तळहाताला फोड येतात; मग पेंढ्या बांधायच्या, कणसे मोडायची, कडबा रचायचा. मजूर मिळत नाहीत तेव्हा शेजारच्या घरांतल्या बाया एकमेकींच्या रानात पाळीने जातात आणि दिवसाची फेड दिवसानेच करतात.