स्थानिक संस्थांचे अधिक्रमण

नगरपालिका, जिल्हा परिषद यांसारख्या लोकनियुक्त संस्थेचे अधिकार तिची मुदत संपण्यापूर्वी काढून घेऊन ते शासननियुक्त प्रशासकाकडे अथवा समितीकडे सोपविण्याच्या कृतीस अधिक्रमण म्हणतात. संस्थाच मोडीत काढल्यास त्यास विसर्जन ही संज्ञा आहे. व्यवहारात दोहोंसाठी ‘बरखास्ती’ हा शब्द रूढ आहे. कर्तव्यातील सततची कसूर, सत्तेचा दुरुपयोग ही कारणे कायद्यात नमूद केलेली असतात. परंतु ती घडली किंवा नाही हे ठरविणारे शासनच असल्यामुळे वाद न्यायालयापर्यंत जातात.

रत्नागिरीची नगरपालिका १८७६ मध्ये स्थापन झाली, तेव्हा नगरांचा कारभार बव्हंशी जिल्हाधिकाऱ्याच्या तंत्राने चाले. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने १८ मे १८८२ रोजी केलेल्या ठरावाने निर्वाचित सदस्य व बिनसरकारी अध्यक्ष यांचा पुरस्कार केला. याच ठरावात संस्थेने कर्तव्यात गंभीर हयगय केल्यास ती तात्पुरती दूर सारण्याची तरतूदही सुचविलेली होती. मात्र संपूर्ण अधिक्रमणास भारत सरकारची संमती आवश्यक मानली होती. स्वराज्याची दीक्षा व ते परत घेण्याची मुभा अशा प्रकारे एकाच दस्तऐवजातून आल्या.

मुंबई इलाख्यात १९०१ च्या जिल्हा नगरपालिका अधिनियमाने हा अधिकार प्रांतिक सरकारला दिला. रत्नागिरी जिल्ह्याप्रमाणेच गुजरातेतील जिल्ह्यांनाही तो लागू होता आणि त्याचा सर्वांत गाजलेला वापर तिकडे झाला. असहकाराच्या काळात अहमदाबाद नगरपालिकेने आपल्या शाळांवरील सरकारी तपासणी व अनुदान नाकारले. फेब्रुवारी १९२२ मध्ये सरकारने तिचे अधिक्रमण करून कारभार व्यवस्थापन समितीकडे दिला. शाळांवर झालेला खर्च सदस्यांकडून वसूल करण्यासाठी वल्लभभाई पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावाही लावला. जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. पैशाचा दावा सरकार हरले, तरी नगरपालिकेच्या हातून गेलेली सत्ता त्या निकालाने परत आली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात वादाचा रोख निराळ्या प्रश्नाकडे वळला : संस्थेचे म्हणणे ऐकून घेण्यास शासन बांधलेले आहे काय? विदर्भातही लागू असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका अधिनियम, १९२२ खाली धमतरी नगरपालिकेवर कार्यकारी अधिकारी नेमण्यात आला. हे नावापुरते सौम्य, परंतु परिणामाने अधिक्रमणच आहे, असे नगरपालिकेच्या बाजूने मांडले गेले. राधेश्याम खरे खटल्यात (१९५८) सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही कृती न्यायिककल्प नसून प्रशासकीय आहे, असे ठरविले. साहजिकच सुनावणीचा आग्रह टिकला नाही. न्या. सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदविले आणि पुढील काळात कायद्याची वाटचाल त्यांच्या दिशेने झाली.

श्रीलंकेतील जाफना महानगरपालिकेचे प्रकरण याच मालिकेतील आहे. मंत्र्याने १९६६ मध्ये ती विसर्जित केली. महानगरपालिकेचे म्हणणे ऐकणे आवश्यक होते, हे प्रिव्ही कौन्सिलने १९६७ मध्ये मान्य केले. पण तक्रार करण्याचा हक्क महानगरपालिकेचा आहे, एकट्या महापौराचा नव्हे, असे सांगून महापौराचे अपील फेटाळले. विसर्जित संस्थेनेच दाद मागावी, ही अपेक्षा चमत्कारिक वाटते. या निर्णयावर टीकाही पुष्कळ झाली.

भारतात निर्णायक ठरला तो एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन हा खटला. २७ फेब्रुवारी १९८० रोजी नवी दिल्ली नगरपालिका समितीचे अधिक्रमण झाले. ही समिती लोकनियुक्त नसून नामनिर्देशित होती, तरीही तिला कारणे दाखविण्याची संधी मिळावयास हवी होती, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर १९८० रोजी म्हटले. संधी दिली असती तरी निष्पत्ती तीच झाली असती, हा बचाव न्या. चिनप्पा रेड्डी यांनी अमान्य केला. नैसर्गिक न्याय डावलणे हीच हानी होय, त्याहून वेगळी हानी सिद्ध करण्याची गरज नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तथापि समितीची मुदत ३ ऑक्टोबर रोजी संपणार असल्यामुळे न्यायालयाने केवळ आदेश सदोष असल्याची घोषणा केली. तत्त्व प्रस्थापित झाले, पण समितीच्या पदरी काहीच पडले नाही. अधिक्रमणविषयक खटल्यांतील खरी अडचण ही कालाची आहे.

बरखास्तीवाचूनही हेच साधता येई. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या १९७९ मधील निवडणुकांनंतर पुढील निवडणुका १९९२ मध्ये झाल्या. संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने (१ जून १९९३ पासून अंमल) नगरपालिकांना अनुच्छेद २४३ प नुसार पाच वर्षांची मुदत, विसर्जनापूर्वी म्हणणे मांडण्याची वाजवी संधी व विसर्जनानंतर सहा महिन्यांत निवडणूक यांची हमी दिली. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींना तत्सम संरक्षण दिले. किशनसिंग तोमर खटल्यात (२००६) निवडणुका मुदतीत घेणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. जळगाव नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर करण्याची शासनाची कार्यवाही मात्र याच न्यायालयाने २००३ मध्ये उचलून धरली. जुनी परिषद त्यामुळे मुदतीपूर्वी संपली.

बरखास्तीचा मार्ग असा अरुंद झाल्यावर मुदत संपूनही निवडणूक न होणे हाच वादाचा प्रमुख विषय बनला. रत्नागिरी नगरपरिषदेची २०१६ मध्ये निवडून आलेली परिषद २०२१ च्या अखेरीस मुदत संपून गेली व कारभार प्रशासकाकडे आला. इतर मागासवर्गांच्या आरक्षणाविषयी ४ मार्च २०२१ रोजी लागलेल्या विकास गवळी खटल्याच्या निकालानंतर प्रभागरचना व आरक्षण यांवरून राज्यभर निवडणुका रखडल्या होत्या. कोणताही अधिक्रमणाचा आदेश नव्हता. त्यामुळे कारणे दाखविण्याचा किंवा सुनावणीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०२२ रोजी निवडणूक प्रक्रिया सुरू करण्याचे निर्देश दिले, तरी ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांची मुदत नव्याने घालून द्यावी लागली व तीही पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. रत्नागिरी नगरपरिषदेसाठी मतदान झाले ते डिसेंबर २०२५ मध्ये.