चोवीस शब्दांची तिजोरी

चेक भाषेत ‘ट्रेझोर’ म्हणजे तिजोरी. २०१४ साली प्राग शहरातून या नावाची जी वस्तू बाजारात आली, ती मात्र तळहातावर सहज मावेल एवढी होती. वजन अवघे १२ ग्रॅम, एक चिमुकला पडदा आणि दोन बटणे. तिच्यात एकही नाणे नसते. तरीही तिच्या भरवशावर माणसे आयुष्याची पुंजी ठेवतात. कूटचलनाच्या या ‘हार्डवेअर वॉलेट’ची हकीकत आज सांगावयाची आहे.

बिटकॉइनची कल्पना सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली आणि ३ जानेवारी २००९ रोजी तिची वही उघडली गेली. वही हाच शब्द येथे योग्य. जगभरच्या हजारो संगणकांवर तीच खातेवही असते आणि कोणत्या खात्यात किती नाणी आहेत हे कोणालाही वाचता येते. खाते मात्र कोणाच्या नावाचे नसते. ज्याच्यापाशी त्या खात्याची गुप्त किल्ली, तो मालक. ही किल्ली म्हणजे ७८ आकड्यांपर्यंत जाणारी एक संख्या. ती दुसऱ्याला कळली की धन त्याचे झाले. आपल्यापाशी उरली नाही तर धन कोणाचेच राहिले नाही. येथे बँकेचा व्यवस्थापक नाही, अर्ज नाही, अपील नाही. न्यायाधीशाने हुकूम दिला तरी हरवलेली संख्या परत उमटत नाही. भारतात हे कायदेशीर चलनही नाही. तेव्हा त्यात पैसा घालावा की नाही, हा ज्याचा त्याचा विचार. पण ज्यांनी घातला आहे, त्यांच्या घरात ही तिजोरी आलीच.

आरंभी लोक ही किल्ली साध्या संगणकात ठेवीत. जून २०११ मध्ये एका गृहस्थाने टोपणनावाने जाहीर केले की आपल्या संगणकातून २५,००० बिटकॉइन चोरीस गेले. मार्च २०१२ मध्ये प्रागच्या मारेक पालाटिनुस या तरुणावर तोच प्रसंग आला. तो ज्या भाड्याच्या संगणकांवर आपला उद्योग चालवीत असे, तेथे चोर शिरले आणि सुमारे ३,००० बिटकॉइन गेले. त्यानंतर त्याने पावोल रुस्नाक या सहकाऱ्यासह जे यंत्र घडविले, त्याची कल्पना अगदी सरळ होती: किल्ली अशा जागी ठेवावी की तिने महाजालाचे तोंडही पाहू नये.

मराठेशाहीच्या दफ्तरात कागदाच्या आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब होई. कागद शिक्क्यापाशी जाई. शिक्का गावभर फिरत नसे. या यंत्राचे तसेच आहे. संगणक व्यवहाराचा मसुदा यंत्राकडे धाडतो. यंत्राच्या पडद्यावर रक्कम आणि घेणाऱ्याचा पत्ता उमटतो. मालकाने बटण दाबले की यंत्राच्या पोटातच सही होते आणि केवळ सही बाहेर पडते; किल्ली आतच राहते. संगणकात चोर दबा धरून बसलेला असला तरी त्याच्या हाती काही लागत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोची ‘माउंट गॉक्स’ ही पेढी बुडाली आणि साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले. (त्यांपैकी दोन लाख पुढे सापडले.) किल्ली परक्याच्या हाती देण्याचा अर्थ लोकांना तेव्हा उमगला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ‘लेजर’ ही कंपनी निघाली. बँकेच्या कार्डात असते तशी सुरक्षित चकती तिने आपल्या यंत्रात बसविली.

पण यंत्र पाण्यात पडले, जळले, हरवले तर? येथेच या साऱ्या रचनेतील मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट येते. २०१३ साली पालाटिनुस, रुस्नाक आणि दोन सहकाऱ्यांनी एक प्रस्ताव मांडला. त्यात २,०४८ साध्या शब्दांची यादी होती. पहिला शब्द ‘अबॅन्डन’, शेवटचा ‘झू’. पहिली चार अक्षरे पाहिली की शब्द ओळखावा, अशा बेताने ते निवडलेले. यंत्र प्रथम सुरू केले की ते स्वतःच यदृच्छेने त्यांतील १२ किंवा २४ शब्द ठरावीक क्रमाने दाखविते. हे शब्द म्हणजेच धन. उद्या यंत्र मोडले तरी दुसऱ्या यंत्रात हेच शब्द याच क्रमाने घातले की सर्व किल्ल्या पुन्हा जशाच्या तशा उभ्या राहतात. या प्रस्तावाबरोबर जपानी, कोरियन, स्पॅनिश, चेक अशा भाषांतही याद्या झाल्या. मराठी नाही, भारतातील कोणतीच देशी भाषा नाही. तेव्हा आपल्याकडील माणसाला इंग्रजी शब्दच लिहावे लागतात, आणि एका चुकलेल्या अक्षराने घात होऊ शकतो. शुद्धलेखनाला इतकी किंमत आलेली मी अन्यत्र पाहिली नाही.

म्हणून श्रोतेहो, यंत्र घेतले की ते शब्द कागदावर हाताने, सुवाच्य लिहावे. त्यांचे छायाचित्र काढू नये, ते संगणकात वा दूरध्वनीत टिपू नयेत. आधी अगदी थोडी रक्कम ठेवावी, यंत्र मुद्दाम कोरे करावे आणि कागदावरून ते पुन्हा उभे राहते की नाही ते पाहावे. मगच पुढची रक्कम. काही लोक शब्द पोलादी पट्टीवर कोरून ठेवतात. कागद जळतो हे लक्षात घेता ते शहाणपणाचेच.

कागदाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मार्क फ्राउएनफेल्डर या अमेरिकी पत्रकाराने २०१६ साली सुमारे तीन हजार डॉलरला ७.४ बिटकॉइन घेऊन अशा यंत्रात ठेवले. २४ शब्दांचा कागद घर झाडणाऱ्यांनी केराबरोबर टाकून दिला, आणि यंत्राचा पिन त्याला आठवेना. प्रत्येक चुकीनंतर यंत्र पूर्वीच्या दुप्पट वेळ थांबायला लावी. इकडे भाव चढत होता. रक्कम तीस हजार डॉलरच्या घरात गेली. अखेर यंत्रातील एक उणीव शोधून काढणाऱ्या इंग्लंडमधील पंधरा वर्षांच्या मुलाच्या साहाय्याने धन सुटले. धनी सुखावला असेल. पण तिजोरी फोडता येते हे त्यातून जगाला कळले. ती उणीव दूर केली गेली. तरीही जानेवारी २०२० मध्ये ‘क्रेकन’च्या तज्ज्ञांनी दाखवून दिले की यंत्र पंधरा मिनिटे हाती आले तर ट्रेझोरमधून शब्द काढता येतात. यावर उपाय म्हणजे २४ शब्दांखेरीज स्वतः ठरविलेले आणखी एक परवलीचे वाक्य. ते यंत्रात साठवले जात नाही. मात्र ते विसरले तर काय होते, हे वेगळे सांगावयास नको.

चोरांनीही सोपा मार्ग शोधला. आधीच शब्द छापलेला कागद घालून वापरलेले यंत्र विकण्याचे प्रकार झाले. त्या शब्दांची प्रत अर्थातच विकणाऱ्यापाशी. २०२० साली लेजरच्या ग्राहकांची नावे, पत्ते, दूरध्वनी बाहेर फुटले आणि पुढल्या वर्षी काहींच्या घरी टपालाने बनावट यंत्रे आली, सोबत गोड भाषेतले पत्र. यंत्र थेट निर्मात्याकडूनच घ्यावे आणि शब्द मागणारा कोणीही असो, तो चोर समजावा.

एका हाती किल्ली नसावी, हा विचार फार जुना. १२१३ साली पोप तिसरे इनोसंट यांनी धर्मयुद्धाच्या निधीसाठी चर्चमधून पोकळ ओंडक्याच्या पेट्या ठेवण्यास सांगितले. प्रत्येकीला तीन किल्ल्या, एक प्रामाणिक धर्मगुरूकडे, दुसरी भाविक प्रापंचिकाकडे, तिसरी मठवासीयाकडे. माणसाचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. कूटचलनातही अनेक सह्यांची पद्धत आली. पण मुंबईच्या ‘वझीरएक्स’मधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलर गेले ते अशाच अनेक सह्यांच्या खात्यातून. संस्थेच्या निवेदनानुसार सही करणाऱ्यांपाशी हार्डवेअर वॉलेट होती. पडद्यावर एक दिसले आणि सही भलत्याच मजकुरावर झाली. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘बायबिट’चे सुमारे दीडशे कोटी डॉलर याच रीतीने गेले. किल्ल्या कोणी चोरल्या नव्हत्या. न वाचता शिक्का मारला गेला होता.

राहता राहिला वारसांचा प्रश्न. कागद इतका जपून लपविलेला की मालकाच्या पश्चात पत्नीलाही सापडू नये, असे घडू शकते. १९७९ साली आदी शामिर या गणितज्ञाने एक गुपित अनेक तुकड्यांत वाटण्याची रीत शोधली होती. २०१९ पासून ट्रेझोरच्या नव्या यंत्रात ती वापरता येते. गुपिताच्या पाच चिठ्ठ्या होतात, प्रत्येकीवर २० शब्द. एक पत्नीपाशी, एक इंदूरच्या भावापाशी, एक वकिलापाशी, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक आपल्या कपाटात ठेवता येते. एकटी चिठ्ठी, किंबहुना दोन मिळूनही, काहीच सांगत नाहीत. कोणत्याही तीन एकत्र आल्या की तिजोरी उघडते.