शेणाने शुद्ध केलेले तळे आणि नाशिकचे मटण

मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांच्यामागे आलेले हजारो सत्याग्रही प्याले. तळे 'बाटले'. मग सवर्णांनी ते शुद्ध करून घेतले. कशाने? १०८ घागरींचा विधी करून, मंत्र म्हणत, शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांनी. म्हणजे माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी जनावराच्या विष्ठेने शुद्ध झाले!

त्याच्या ४२ वर्षे आधी, १८८५ मध्ये, थिओडोर एशरिच या डॉक्टरने आतड्यात राहणारा एक जंतू शोधला होता. आज त्याला ई. कोलाय म्हणतात. पाण्यात किंवा अन्नात तो सापडला, तर तिथे विष्ठा पोहोचली आहे असे विज्ञान समजते. महाडला 'शुद्धी' झाली तेव्हा ही गोष्ट जगाला ठाऊक होती. म्हणून हे पक्के लक्षात ठेवा : ब्राह्मणी शुद्धीचा स्वच्छतेशी कधीच संबंध नव्हता. तिचा संबंध फक्त जातीशी होता.

हे नाशिकला वेगळे सांगायला नको. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचे दरवाजे आपल्यासाठी बंद झाले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे सत्याग्रह चालला. सत्याग्रही अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून आले असते तरी दार उघडणार नव्हते. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले.

आता काळारामापासून मटणाच्या दुकानाकडे येऊ. विषय तोच आहे.

रविवारी सकाळी मटणासाठी रांग लागते. मेंढीच्या मटणाला आपल्याकडे बोल्हाईचे मटण म्हणतात. निरोगी मेंढीचे आतले मांस जवळजवळ निर्जंतुक असते. मग त्यावर जंतू येतात कुठून? पहिली वाट लोकरीची. लोकरीत माती आणि लेंड्या अडकलेल्या असतात. कातडे सोलताना लोकर मांसाला लागते, किंवा लोकर धरलेला हात तसाच मांसावर जातो. दुसरी वाट आतड्याची. पोट फाडताना आतड्याला सुरा लागला, की आतला मळ मांसावर सांडतो. म्हणून आतडी बाहेर काढण्यापूर्वी अन्ननलिका आणि गुदद्वार बांधून घ्यायचे असते. तिसरी वाट सुरा, लाकडी ओंडका, फरशी आणि पाणी यांची. एकाच बादलीत सगळे सुरे बुडवले आणि एकाच फडक्याने सगळी मटणे पुसली, तर एका मेंढीची घाण दहा मेंढ्यांना लागते.

पुढचे काम उष्णता करते. अनुकूल हवेत ई. कोलायसारखा जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे चार तासांत चार हजारांवर होतात. नीट शिजवल्यावर बहुतेक जंतू मरतात हे खरे. पण स्टॅफिलोकॉकस हा हाता-नाकातून येणारा जंतू जे विष सोडतो, ते शिजवूनही टिकते. शिवाय कच्चे मटण कापलेल्या सुरीनेच काकडी कापली, तर शिजवण्याचा उपयोग काय?

यावर उपाय अवघड नाहीत. मेंढी जमिनीवर न सोलता टांगून सोलणे. सुरे ८२ अंशांच्या गरम पाण्यात बुडवणे. वाहते स्वच्छ पाणी, हात धुण्याची सोय, कापण्याआधी आणि नंतर पशुवैद्यकाची तपासणी, मांस लगेच थंड करणे. यात मंत्र नाही, पंचगव्य नाही. नळ, वीज, गटार आणि पगारी माणूस लागतो, म्हणजे महापालिकेचे बजेट लागते.

आणि हे उपकार नाहीत, हक्क आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ वा विषयच कत्तलखान्यांच्या नियमनाचा आहे. कलम ४७ पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. पण सत्ताधाऱ्यांना कत्तलखाना आठवतो तो बंद करण्यासाठी. सप्टेंबर २०१५ मध्ये पर्युषणात मुंबईत मांसविक्रीवर बंदी घातली गेली, उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवलीने आणि आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावने कत्तलखाने बंद ठेवण्याचे आदेश काढले. एक दिवस बंद ठेवल्याने उरलेल्या ३६४ दिवसांचे मटण स्वच्छ होते का?

काही मित्र विचारतील, 'मटणावरच्या जंतूंबद्दल बोलून आपण शाकाहारवाद्यांच्या हाती कोलीत देत नाही का?' नाही. जंतू कच्च्या दुधात असतात, म्हणून ते तापवावे लागते. गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीत असतात, प्रसादातही असतात. जंतूला जात कळत नाही. ज्याला जात कळते तो विटाळ, आणि तो माणसाने बनवलेला आहे. 'अस्पृश्य मूळचे कोण?' या १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी 'अशुद्ध' आणि 'अस्पृश्य' हे दोन वर्ग वेगळे करून दाखवले, ते यासाठीच अभ्यासायचे.

उलट, चूक आपलीही आहे. खाण्याच्या स्वातंत्र्यावर आपण मोर्चे काढतो, पण काय दर्जाचे अन्न आपल्या ताटात येते हे विचारत नाही. महाडलाच बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले होते. ते विटाळाच्या भीतीने नव्हते, स्वाभिमानासाठी होते. घाणेरडे मटण गरिबाच्या वस्तीत मुकाट्याने खपवले जाते, तेव्हाही प्रश्न स्वाभिमानाचाच असतो. आणि त्या ओल्या फरशीवर हातमोजे, गमबूट नसताना उभा असलेला कामगार? मेंढ्या-शेळ्यांपासून ब्रुसेलोसिससारखा ताप आधी त्याला होतो. ज्यांनी गावाची मेलेली ढोरे ओढली त्यांनाच गावाने घाणेरडे ठरवले. तोच न्याय आज खाटकाला लावला जातो.

म्हणून आपल्या प्रभागात तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. कत्तलखान्यात पशुवैद्यक रोज हजर असतो का? पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? कामगारांची आरोग्य तपासणी होते का? उत्तरे घेऊन आयुक्तांच्या दारात जा. चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क मागितला. आता स्वच्छ अन्नाचा मागू.

जय भीम!