नगरचा एक रविवार

साल 1909 धरा. थंडीचे दिवस. माळीवाड्याच्या वेशीतून तुम्ही गावात शिरता तेव्हा उन्हं नुकतीच भिंतींवर चढलेली असतात आणि पूर्वेच्या डोंगरावरचा चांदबिबीचा महाल धुक्यात निम्मा बुडालेला असतो. याच गावाला पुढे अहिल्यानगर म्हणतील. तूर्त ते अहमदनगर आहे. रस्त्यानं बरीच माणसं एकाच दिशेनं निघाली आहेत. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, काखेत फडक्यात बांधलेलं पुस्तक. आज प्रभूचा दिवस. त्यांच्या मागोमाग चालू लागा.

चर्चच्या दाराशी वहाणांचा ढीग पडलाय. कुणीतरी तुम्हाला सलाम करतं, सरकून जागा देतं. सतरंजीवर एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये. तुमच्या शेजारी एक म्हातारा आहे. पहाटे अंधारातच खेड्यावरून निघालेला, टाचांच्या भेगांत अजून वाटेची धूळ. मिशनच्या बोर्डिंगात शिकणारा नातू त्याला टेकून बसलाय. गायनाचं पुस्तक नातवाच्या हातात आहे. आज्याला अक्षरओळख नाही, तरी पोरगा त्याच्यासाठी ओळीखालून बोट फिरवतो, आणि म्हातारा मात्र त्या बोटाच्या दोन शब्द पुढे गात असतो. सगळं पुस्तक त्याला तोंडपाठ आहे. पोरगं मध्येच बोट थांबवून आज्याकडे बघतं, हसतं आणि पुन्हा ओळ धरतं.

गाणं नीट ऐका. 1831 साली अमेरिकन मराठी मिशननं नगरात ठाणं मांडलं, तेव्हापासून कितीतरी वर्षं इथली मंडळी परदेशी चालींवर बेतलेली मराठी गीतं गात आली. श्रद्धा खरी होती, पण चाल एकीकडे ओढायची आणि भाषा दुसरीकडे. मग कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि पाठोपाठ आले नारायण वामन टिळक. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आज टाळ वाजतोय, अभंग चाललाय, आणि त्या म्हाताऱ्याला श्वास कुठे घ्यायचा हे कुणी शिकवावं लागत नाही. मला विचाराल तर या गावातल्या कुठल्याही प्रवचनापेक्षा या गाण्यांनी जास्त काम केलं. मुंबई-पुण्यात, सोलापुरात आजही रविवारी टिळकांची पदं निघतात आणि पुस्तक न उघडता म्हटली जातात.

आज प्रभुभोजन आहे. भाकर मोडली जाते आणि पेला फिरू लागतो. हे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. गावच्या विहिरीवर तुमच्या शेजारच्या या म्हाताऱ्याला पोहरा सोडता येत नाही. ओंजळ पुढे करून, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून त्यानं आयुष्यभर वाट पाहिली आहे. तो पेला दोन्ही हातांनी धरतो, ओठांना लावतो आणि पलीकडच्या माणसाला देतो. पलीकडचा जन्मानं ब्राह्मण आहे. तो त्याच पेल्यातून पितो आणि पुढे सरकवतो. कुणी मान वळवून बघतसुद्धा नाही. एवढ्यानं जात गेली असं मी म्हणणार नाही. सोयरीक जुळवताना जुनी मुळं खणून काढणारी माणसं आमच्यात तेव्हाही होती, आजही आहेत. पण ज्या देशात माणसं पाण्यावरून परकी होतात, तिथं एका पेल्यावरून ती एका घरची होऊ शकतात, हे या सतरंजीवर बसल्याशिवाय मला पटलं नसतं.

बायांच्या रांगेकडे नजर टाका. लक्ष्मीबाई टिळक तिथं बसल्या आहेत. नवऱ्यानं 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि यांचं जग एका दिवसात मोडलं. काही वर्षं त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्याही आपलं सोवळं घेऊनच. जात माणसांनी केलेली आहे, हे त्यांना कुणी वादात हरवून पटवलं नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवलं आणि मगच त्या या रांगेत आल्या. हे सगळं त्या पुढे ‘स्मृतिचित्रे’त लिहितील, पण अजून त्याचं एक पानही नाही. आज त्या फक्त मांडीवर आलेल्या कुणाच्या तरी पोराला थोपटताहेत.

त्यांच्या आसपासच्या तरुण मुली बघा. 1899-1900च्या दुष्काळात मिशननं कितीतरी अनाथ पोरं सांभाळली. तीच आता वयात आली आहेत. माहेर नाही, काका-मामा नाहीत. आपण आज चर्चला जातो ते बहुधा आजी जायची, आई जायची म्हणून. या माणसांचं उलटं आहे: कुणाचे आईबाप दुष्काळात गेले, कुणाच्या घरच्यांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. नाती त्यांना इथं, दर रविवारी शेजारी बसून मिळवावी लागली. एखादीचं लग्न ठरलं की पाठवणीला रडायला आख्खी मंडळी हजर.

आशीर्वाद होतो, वहाणा शोधायची गडबड उडते, आणि तुम्हाला टिळकांकडे जेवायला ओढून नेलं जातं. त्या घरात पाहुण्याची मोजदाद नसते. पगार आला की वाटला जातो, आणि घर चालवायचं ओझं लक्ष्मीबाईंवर पडतं. तरी ताटं वाढतच जातात. पंगतीत एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा आहे, त्यांच्या मुलाच्या, दत्तूच्याच वयाचा. त्र्यंबक बापूजी ठोमरे. 1907च्या जळगावच्या कविसंमेलनात त्याची कविता गाजली, आणि पुढे टिळकांनी त्याला नगरला स्वतःच्या घरी आणलं. तो हिंदू आहे, शेवटपर्यंत हिंदूच राहील. या घरात त्याच्या कवितेचं कोडकौतुक होतं, रुसव्याफुगव्यांची समजूत काढली जाते, आणि लक्ष्मीबाई त्याला पोटच्या पोरासारखं वागवतात.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. मे 1918मध्ये भादलीला रेल्वेखाली सापडून हा मुलगा जाईल, आणि बरोबर वर्षानं, 1919च्या मे महिन्यात टिळकही. सांगावंसं वाटतं, जीभ उचलत नाही. तेवढ्यात ठोमरे एका शब्दावरून टिळकांशी हुज्जत घालू लागतो, दोघांचे हात ताटातच थांबतात. भाकरी गार होतेय म्हणून लक्ष्मीबाई दोघांनाही रागे भरतात, आणि तुमच्या ताटात न विचारता आणखी एक वाढतात.