ग्राफिक्स कार्ड मिळालं नाही तेव्हा

२०२१ ची दिवाळी तोंडावर होती. लसीचे दोन डोस झाल्यामुळे लोकलचा पास मिळाला होता. कल्याणहून फास्ट पकडली, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरलो. फोनमध्ये आठ पार्टांची यादी, बजेट सत्तर हजार. पहिल्या नोकरीतून साठवलेले.

लॅमिंग्टन रोडवर सात पार्ट जुळले. आठवं ग्राफिक्स कार्ड. आरटीएक्स ३०६० भारतात आलं तेव्हा जाहीर किंमत साडेएकोणतीस हजारांपासून होती. दुकानदाराने जवळपास दुप्पट सांगितली. जगभर चिपची टंचाई, त्यात इथेरियम खोदणारे कार्डं उचलत होते.

परतीच्या गाडीत मला पुण्याचा ‘परम’ आठवला. इंजिनिअरिंगला असताना परीक्षेपुरता पाठ केलेला. त्या दिवशी मात्र तो पार्ट निवडण्याच्या अडचणीचा इतिहास वाटला.

१९८० च्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे सुपरकॉम्प्युटर हवा होता. त्याचा वापर अण्वस्त्रांसाठी होईल या धास्तीने अमेरिकेने हात आखडता घेतला. अखेर मिळाला तो कमी ताकदीचा, आणि तोही हवामानाच्या अंदाजापुरता. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. प्रमुख होते विजय भटकर. मुदत तीन वर्षं.

क्रेची वाट धरायची तर थोडे पण अतिवेगवान प्रोसेसर हवेत, आणि तेच आपल्याला कुणी देत नव्हतं. सी-डॅकने इनमॉस या ब्रिटिश कंपनीचा टी८०० ट्रान्सप्युटर घेतला. एकटा बघितला तर किरकोळ. पण एकाच चिपवर प्रोसेसर, दशांशाची गणितं करणारा भाग, थोडी मेमरी आणि शेजारच्या चिपशी बोलायला चार लिंक. वायर जोडत जा, मशीन वाढत जातं. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, त्यात असे ६४ होते. एक मोठं गणित ६४ जणांत वाटायचं, तर ते वाटणारं सॉफ्टवेअरही स्वतःच लिहावं लागलं. (आमच्या पुस्तकात याला एक ओळ होती. खरं काम तिथेच होतं, हे आता कोड लिहून पोट भरताना कळतं.)

पुढच्या ‘परम ८६००’मध्ये त्यांनी आकडेमोडीला इंटेलचा आय८६० बसवला. ट्रान्सप्युटर काढले नाहीत, त्यांच्याकडे एकमेकांशी बोलायचं काम ठेवलं. हे मला फार आवडतं. जुना पार्ट फेकायचा नाही, त्याला दुसऱ्या कामाला लावायचं. आपल्याकडच्या प्रत्येक असेंबल्ड पीसीची हीच गोष्ट.

गंमत अशी की मला परवडत नसलेलं कार्डही त्याच जातीचं: ३,५८४ छोटे कोअर, प्रत्येक जण आपल्या वाट्याचे पिक्सेल रंगवणारा.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा गेलो. ग्राफिक्स आतच असलेला रायझन ५ ५६००जी घेतला. पॉवर सप्लाय मात्र ६५० वॅटचाच. “कार्ड नाही तर एवढा कशाला?” बाबांनी विचारलं. पुढे लागेल, म्हटलं. वर्षभर सगळे गेम लो सेटिंगवर खेळलो.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची खोदाई बंद झाली. थंडीत कार्ड आलं. पॉवर सप्लाय पुरला, कॅबिनेट पुरलं नाही. हार्ड डिस्कचा पिंजरा काढावा लागला. एक स्क्रू घासून गोल झाला होता, तो बाबांनी पकडीने फिरवला.