चौकीदार एक, दारे अनेक

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील वनविश्रामगृहाचा चौकीदार डोळ्यांपुढे आणा. पाहुण्यांची जीप आली की तो फाटक उघडतो आणि खानसाम्याला उठवतो. पाहुणाच नसेल तर रात्रभर चूल पेटती कशाला ठेवायची? संगणकाच्या इतिहासातही असा एक चौकीदार होऊन गेला. त्याचे नाव आयनेटडी.

अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाने १९८३ मध्ये युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती काढली. तीत नेटवर्कवरील प्रत्येक सेवेचा प्रोग्राम अहोरात्र जागा असे आणि तुटपुंजी मेमरी अडवून बसे. म्हणून १९८६ च्या ४.३ बीएसडीत सर्व दारांवर एकच पहारेकरी बसवला गेला. २१ क्रमांकाच्या दारावर थाप पडली की फायली पाठवणाऱ्याला उठवायचे, २३ वर पडली की दुसऱ्याला. काम संपले की तो पुन्हा झोपणार.

पण आलेला पाहुणा की चोर, हे या चौकीदाराला कळत नव्हते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' अनेक यंत्रांत ७९ क्रमांकाच्या दाराने शिरला. तेथील 'फिंगर' सेवेत चूक राहिली होती. हजारो संगणक ठप्प झाले.

तेव्हापासून व्यवस्थापक शहाणे झाले. नको त्या सेवेच्या ओळीआधी एक खूण केली की ते दार बंद! गरजेपुरतेच जागवण्याची युक्ती आजच्या लिनक्समध्येही आहे. मात्र किती दारे उघडी ठेवायची, हे घरमालकानेच ठरवायचे असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)