बोरी नदीवरचा शाबूत पूल : सप्टेंबर १९४८

दरवर्षी १७ सप्टेंबरला सिल्लोडपासून उमरग्यापर्यंत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. सिल्लोड तेव्हा निजामी राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि खुद्द औरंगाबाद शहराने १४ सप्टेंबर १९४८ रोजी दुपारीच शरणागती दिली होती. मात्र हैदराबादवर चालून जाणाऱ्या मुख्य फौजेचा मार्ग खुला झाला, तो त्याच्या आदल्या दिवशी, दक्षिणेला नळदुर्ग येथील एका पुलावर.

सोलापूर–हैदराबाद रस्ता नळदुर्गला बोरी नदी ओलांडतो. किल्ल्यातील पाणीमहालावरून कोसळते तीच ही नदी. दिवस पावसाळ्याचे. पूल उडाला असता तर जनरल चौधरींचे रणगाडे काठावर अडकण्याची भीती होती. समोर हैदराबादची पहिली इन्फंट्री बटालियन होती. पण भारताच्या ७ व्या ब्रिगेडने अचानक धडक देऊन पूल शाबूत ताब्यात घेतला. सकाळी ९ वाजता चिलखती तुकडी जळकोटला आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात पोहोचली.

मग पूल वेळीच उडवला असता तर? बोलायला सोपे आहे. स्फोटके आधी योग्य जागी लावावी लागतात, आणि ‘आता उडवा’ हा हुकूम कोणीतरी नेमक्या क्षणी द्यावा लागतो. घाई झाली तर आपलीच माघारीची वाट तुटते. उशीर झाला तर पूल शत्रूचा होतो.

आणि उडवूनही भागत नाही. याच मोहिमेत पूर्व आघाडीवर, सूर्यापेटहून मागे हटताना हैदराबादच्या फौजेने मुसी नदीवरचा पूल उद्ध्वस्त केला. पण दुरुस्ती करणाऱ्यांवर गोळीबार करायला तेथे कोणी थांबले नाही. पूल लवकरच दुरुस्त झाला. पडलेल्या पुलामागे बंदूक नसेल, तर तो केवळ अभियंत्यांचे काम वाढवतो.

तेरा वर्षांनी गोव्यात पोर्तुगीजांनी हाच मार्ग अधिक व्यापक प्रमाणावर अवलंबला. योगायोग असा की त्यांनी पाडलेल्या पुलांपैकी एक ‘बोरी’चाच होता, ही बोरी मात्र नदी नव्हे, जुवारीकाठचे गाव. १९ डिसेंबर १९६१ रोजी चौथ्या शीख बटालियनचे जवान त्या पुलासाठी थांबले नाहीत. जुवारी पार करून, छातीभर पाण्यातून चालत ते राय गावच्या धक्क्याला लागले आणि तेथून मडगावच्या रस्त्याला. त्याच रात्री गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.